अकरा किलोची पकड

माझ्या उजव्या हाताची पकड अकरा किलोची आहे. माझ्या वयाच्या बाईची सत्तावीस-अठ्ठावीस असते. हा आकडा मी स्वतःहून सांगते, कारण गेल्या वर्षभरात खात्यातल्या प्रत्येक कागदावर तो माझ्या नावाच्या आधी लिहिला गेला आहे. माझं नाव शिवांजली खामकर, पोलीस उपनिरीक्षक. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्याचाही खुलासा मागतील.

तीन वर्षांपूर्वी गस्तीची जीप उलटली आणि माझा हात दरवाज्यात सापडला. मनगटातली नस दबली. दोन ऑपरेशनं झाली, जेवायला हात चालू लागला, पण वार्षिक गोळीबाराच्या चाचणीत माझ्याच्यानं पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढवेना. नापास झाले तर आयुष्यभर टेबलावर. तेव्हा मला वाचवलं ते मुख्यालयाच्या शस्त्रागारातल्या हवालदार मगदूम काकांनी.

काकांनी आधी भाजीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा आणला आणि एकेका शस्त्राचा चाप त्याला अडकवून ओढून बघितला.

"रिव्हॉल्वर नगो," ते म्हणाले. "स्लाइडची कटकट न्हाई, खरं चाप साडेपाच किलोचा हाय. सहा गोळ्या झाल्या की तुमचं बोट रडंल."

"मग ते छोटं पिस्तूल द्या ना. हलकं आहे."

"बायकांना छोटं, असं समदी म्हणत्यात. ज्यांनी कधी झाडलं न्हाई ती म्हणत्यात. पिस्तूल जेवढं छोटं तेवढी त्याची स्प्रिंग कडक, आन् हलकं पिस्तूल हाताला लाथ मारतंय. तुमाला वजनदार पायजे, बारीक गोळीचं."

आठ दिवस धुंडाळून त्यांनी कपाटाच्या तळातून जुनं पोलादी बत्तीस बोअरचं पिस्तूल काढलं. मुठीच्या लाकडी पट्ट्या कानशीनं घासून पातळ केल्या. घोडा आधी मागे घेतला की स्लाइड हलकी लागते हे दाखवलं. बोटांनी ओढायचं नाही, स्लाइड धरून ठेवायची आणि मूठ अख्ख्या हातानं पुढे ढकलायची हे शिकवलं. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचे, "मुठीत बसतंय का?" सोळाव्या दिवशी मी म्हटलं, "बसतंय, काका." चाचणीत दहापैकी आठ लागल्या. त्या दिवशी मला वाटलं, संपला प्रश्न.

सहा महिन्यांत परिपत्रक आलं. 'अल्प-पकड अधिकाऱ्यांसाठी निग्रह पिस्तूल अनिवार्य.' यादीत पहिलं नाव माझं. त्याखाली जिल्ह्यातल्या सगळ्या बायका, एकूण एक्केचाळीस. आमची कॉन्स्टेबल सुवर्णा पाटोळे राज्य पातळीवर कबड्डी खेळलेली, तिची पकड बेचाळीस किलो. तीसुद्धा अल्प-पकड. शस्त्रागारातल्या निम्म्या पुरुषांना ती एका हातानं लोळवेल, पण यादी करणाऱ्यानं तिचा हात मोजला नव्हता, नाव वाचलं होतं.

निग्रह म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बोट हलायच्या आधी मेंदूकडून स्नायूला विजेचा बारीक संदेश येतो. संदेश आणि हालचाल यांच्यात सेकंदाच्या दहाव्या भागाइतकं अंतर असतं. कोपराखाली बांधायचा एक पट्टा हा संदेश कातडीवरूनच वाचतो. पिस्तुलातली मोटर स्लाइड ओढते, चाप अर्ध्या किलोवर आणते. दुबळ्या हाताला खरोखर सोय होती, खोटं कशाला बोलू?

पण अर्ध्या किलोचा चाप धोक्याचा. म्हणून आत एक कुलूप बसवलं होतं. संदेशावरून पट्टा शून्य ते शंभर असा 'हेतू-अंक' काढायचा. पंच्याऐंशीच्या वर म्हणजे झाडायचा निर्णय झाला. संदेश भेदरलेला, वेडावाकडा वाटला तर कुलूप चाप अडवणार. कुलपाला स्वतःचा बटणाएवढा सेल होता. तो संपला तरी पिस्तूल चालू राहायचं, पोलीस ऐन वेळी निःशस्त्र होऊ नये म्हणून.

पट्टा चोवीस तास घालायचा होता. घरीसुद्धा, पट्ट्यानं माझा हात 'शिकावा' म्हणून.

*

दसऱ्याला मुख्यालयात शस्त्रपूजा असते. मगदूम काकांचा एक नियम आहे, देवीपुढे जिवंत शस्त्र ठेवायचं नाही. मॅगझिन बाहेर, नळी रिकामी. निग्रह आल्यावर त्यांनी नियम वाढवला. ज्यात सेल आहे ते जिवंतच, असं म्हणून एक्केचाळीस पिस्तुलांतले मोठे आणि बटणाचे, दोन्ही सेल काढले. पिस्तुलं हळदीकुंकू लावून, झेंडू वाहून चादरीवर ओळीनं मांडली आणि प्रत्येकाचे सेल त्याच्यासमोरच्या पानावर ठेवले.

संध्याकाळी साडेपाचला सोनं लुटायच्या मैदानातून फोन आला. गजा भोपळे नावाचा तिशीचा गुंड कोयता घेऊन नाचत होता आणि त्याला अडवायला गेलेली सुवर्णा खाली पडली होती. मी शस्त्रागारात धावले. काकांनी पाकळ्या झटकत माझं पिस्तूल उचललं, सेल घातला, मॅगझिन घातलं आणि हातात दिलं. मुठीवर कुंकू तसंच होतं.

मैदानात गर्दी फाकली होती. मध्ये सुवर्णा गुडघ्यावर, खांद्यातून रक्त, आणि तिच्या डोक्यावर कोयता उगारलेला गजा. मी आठ पावलांवर उभी राहिले.

"कोयता टाक!"

"मार की! मार! हाय का धमक त्या लुळ्या हातात?" माझ्या हाताची गोष्ट गावाला माहीत होती.

मला त्याला मारायचं होतं. हे मी कुणापासून लपवलेलं नाही, चौकशीतही नाही. सुवर्णाचं रक्त बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली होती आणि तो मरावा असं मला मनापासून वाटत होतं. बोट चापावर होतं. पण त्याच्या मागे आपट्याची पानं विकणारी बाई दोन पोरांना पोटाशी धरून उभी होती. मी तिला बघितलं, त्याच्या मनगटाकडे बघितलं. मनगट सैल पडत होतं, शिव्या मोठ्या होत होत्या. हा मारणार नाही, हे मला कळलं. मी बोट काढलं. आणखी तीन सेकंदांनी कोयता जमिनीवर पडला आणि चार जणांनी गजाला दाबला.

सुवर्णा वाचली, गजा वाचला, पानंवालीही वाचली. मी घरी येऊन ढसाढसा रडले आणि दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

*

दहाव्या दिवशी निग्रह बनवणाऱ्या कंपनीचा अहवाल आला. 'हेतू-अंक ९४. गोळी सुटली नाही. निष्कर्ष : निग्रह कुलपाने अनुचित गोळीबार रोखला.' कुलपाच्या नोंदीचा रकाना कोरा होता. त्यापुढे लिहिलं होतं, 'गर्दीमुळे नेटवर्क नसावे.'

नसावे! चौऱ्याण्णव झालं आणि गोळी सुटली नाही, म्हणजे यंत्रानंच थांबवलं असणार. माणूस स्वतःहून थांबू शकतो ही शक्यता त्यांच्या तक्त्यात रकाना म्हणूनसुद्धा नव्हती.

पुढच्या आठवड्यात कंपनीची जाहिरात झळकली. माझं नाव नव्हतं, पण मैदान होतं, पाठमोरी वर्दी होती आणि खाली ओळ, 'तिचा तोल गेला. निग्रहचा गेला नाही.' गजाच्या वकिलानं ती कोर्टात लावली आणि माझ्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवायची मागणी केली. खात्यानं माझं शस्त्र काढून घेतलं, चौकशी लावली. ज्या बाईनं कुणालाही मारलं नव्हतं ती आरोपी, आणि कोयतेवाला फिर्यादी!

आरोपपत्रासोबत माझ्या पट्ट्याच्या दोन महिन्यांच्या नोंदी जोडल्या होत्या, 'स्वभाव-पार्श्वभूमी' म्हणून. त्या माझ्या नवऱ्यानं, सत्यजितनं, वाचल्या. तो ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. सरळ माणूस आहे.

"तीन तारखेला रात्री आठ चाळीस," तो म्हणाला. "एकसष्ट. तेव्हा आपण आईला इकडे आणण्यावरून भांडत होतो."

"मग?"

"तुझ्या हातात सुरी होती, शिवा. तू कांदा चिरत होतीस."

"मी कांदाच चिरला ना?"

त्याची नजर खाली आली. ती नजर मला कोयत्यापेक्षा लागली. सात वर्षं एका ताटात जेवलेला माणूस माझ्या हाताकडे बघत होता, तोंडाकडे नाही.

मी ओरडले, "राग आला होता! तुझा गळा दाबावासा वाटला होता! तुला माझा कधी वाटला नाही? फरक एवढाच, की तुझ्या हाताला पट्टा नाही. आणि मी काय केलं? कांदा चिरला, भाजी फोडणीला टाकली, तुला वाढली. त्याचा आकडा दाखव मला. आहे कुठे कागदावर?"

दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो चहा घेऊन आला आणि माझा उजवा हात टेबलावर पालथा ठेवला.

"पट्ट्याचे संदेश वाचणारे डोळे कुठल्या बाजूला असतात?"

"आतल्या. तळहाताच्या."

"मूठ वळणारे स्नायू आतल्या बाजूला असतात. बोटं उघडणारे मागच्या बाजूला." त्यानं कोपराखाली बोट ठेवलं. "आता मूठ वळायला लाग, आणि वळताना स्वतःला अडव."

मी केलं. त्याच्या बोटाखाली काहीतरी टणक झालं.

"थांबणं म्हणजे नुसतं न करणं नव्हे, शिवा. थांबायलाही स्नायू काम करतो. तुझी आतल्या बाजूची नस दबली आहे, मागची धडधाकट आहे. त्यांनी पट्टा एकाच बाजूला लावला. दुसऱ्या बाजूला काय चाललंय ते कुणी बघितलंच नाही." मग खाली बघत म्हणाला, "मीसुद्धा."

मी त्याला लगेच माफ केलं नाही. पण चहा प्यायले.

*

चौकशीच्या आदल्या दिवशी मगदूम काकांनी शस्त्रागारात बोलावलं. खणातून कागदाची पुडी काढून उघडली. आत बटणाएवढा सेल होता, कुंकवानं लाल झालेला.

"निर्माल्य उचलताना घावला. झेंडूच्या खाली ऱ्हायलेला. तुमच्या पिस्तुलाचा." काका म्हणाले. "त्या दिशी गडबडीत मोठा घातला, ह्यो न्हाई घातला. मॅडम, तुमच्या कुलपात जीवच नव्हता."

म्हणजे अर्ध्या किलोचा चाप, माझं तिडीक आलेलं बोट आणि मध्ये काहीही नाही. मध्ये फक्त मी.

"महिना झाला, काका! आज सांगताय?"

"एकोणीस दिसांनी रिटायर हाय, मॅडम. भ्यालो." डोळ्यांत पाणी होतं. "उद्या सांगतो साहेबांस्नी."

"नाही सांगायचं." माझा राग एका क्षणात उतरला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ज्या माणसाची एक गोळी हिशेबातून हरवली नव्हती, त्याला शेवटच्या एकोणीस दिवसांत निलंबित होताना मला बघायचं नव्हतं. "पेन्शन अडकवतील. मी माझं बघते. तुम्ही तोंड उघडायचं नाही, माझी शपथ आहे."

त्यांनी पुडी बांधून खिशात टाकली.

*

चौकशीला अपर अधीक्षक देवस्थळी साहेब अध्यक्ष होते. कंपनीकडून सबनीस नावाचा इंजिनियर आला होता, गुळगुळीत, हसतमुख. त्यानं पडद्यावर माझी चौऱ्याण्णवची रेघ दाखवली.

"खामकर मॅडमचा दोष नाही सर," तो म्हणाला. "दुखापत, ताण, पकड कमी. माणसाकडून होतं असं. म्हणूनच तर निग्रह."

तो माझी कीव करत होता, आणि त्या कीवेवर त्याचं पिस्तूल विकलं जाणार होतं. मी उठणार इतक्यात दाराशी बसलेले मगदूम काका उठले. साहेबांसमोर खाड्कन सॅल्यूट केला आणि पुडी टेबलावर ठेवली.

"ह्यो सेल त्या दिशी पिस्तुलात नव्हता साहेब. चूक माजी. लिवून घ्या."

देवस्थळींनी सेल उचलला. बोटाला कुंकू लागलं. सबनीसचं हसू मावळलं, पण क्षणभरच.

"सर, मग हे जास्तच गंभीर आहे. कुलूप नसताना चौऱ्याण्णव! गोळी सुटली नाही हा निव्वळ योगायोग."

योगायोग. यंत्रानं थांबवलं तर संयम, बाईनं थांबवलं तर योगायोग. मला इतका संताप आला की खोलीतल्या सगळ्यांना तो पट्ट्याशिवाय दिसला असेल.

"बटावर चला," मी म्हणाले. बट म्हणजे मुख्यालयामागचं आमचं गोळीबाराचं मैदान. "माझं पिस्तूल भरा. हा सेल टेबलावर राहू दे. मला दोन पट्टे द्या, आणि दुसरा मी सांगते तसा बांधा."

देवस्थळी साहेबांनी सेल टेबलावर ठेवला. मग टोपी घातली.

बटावर पंचवीस मीटरवर माणसाच्या आकाराचं लक्ष्य उभं केलं. एक पट्टा नेहमीसारखा आणि दुसरा उलटा, त्याचे डोळे हाताच्या मागच्या बाजूला. सबनीसच्या पडद्यावर दोन रेघा आल्या, वर नेहमीच्या पट्ट्याची, खाली उलट्या पट्ट्याची. मी पिस्तूल उचललं आणि लक्ष्यावर गजाचा चेहरा आणला. मारायचं ठरवलं, खरोखर ठरवलं. बोट चापावर आलं.

"एक्क्याण्णव," सबनीस म्हणाला.

मी थांबले. वरची रेघ ज्या क्षणी शिखरावर होती त्याच क्षणी खालची उसळली आणि वरचीला ओलांडून गेली. गोळी सुटली नाही.

"पुन्हा," मी म्हणाले. त्र्याण्णव. दुसरी रेघ पुन्हा उसळली. तिसऱ्यांदा मी ती जाहिरात लिहिणाऱ्याचा चेहरा आणला, चौथ्यांदा सबनीसचा, आणि त्याला तसं सांगितलंही. तो दोन पावलं मागे सरला. सत्त्याण्णव आले. दहा वेळा केलं. घाम कोपरापर्यंत आला होता, आणि अर्ध्या किलोच्या चापावर दहाही वेळा एक गोळी सुटली नाही.

"पिस्तूल भरलेलं आहे याची खात्री?" सबनीसनं विचारलं. आवाज चिरका झाला होता.

अकराव्या वेळी मी झाडली. लक्ष्याच्या छातीत बरोबर मध्ये भोक पडलं.

"पकड अकरा किलोची आहे," मी म्हणाले. "सोडायची ताकद पूर्ण आहे. लिहून घ्या साहेब."

*

साहेबांनी लिहून घेतलं, पण अंतिम आदेश वरून आला. माझ्यावरचा आरोप वगळला, शस्त्र परत दिलं. गजाच्या वकिलाचा अर्ज कोर्टानं फेटाळला. मात्र शेवटच्या परिच्छेदात होतं, 'मानवी संयमाचे मान्यताप्राप्त मोजमाप उपलब्ध नसल्याने त्याची नोंद सेवापुस्तकात घेता येत नाही.' मगदूम काकांवर हलगर्जीपणाचा ठपका ठेवला. पेन्शन वाचली, पण निरोप समारंभ रद्द झाला.

तो आम्ही केला. एक्केचाळीस बायका बटावर जमलो. खांदा बांधलेल्या सुवर्णानं शाल घातली, मी नारळ दिला. काका जाताना बत्तीस बोअरचं ते जुनं पिस्तूल तेल लावून ठेवलंय, एवढंच सांगून गेले.

चार महिन्यांनी नवीन परिपत्रक आलं. 'निग्रह-२ : आता दोन्ही बाजूंनी वाचणारा पट्टा. आता संयमही मोजला जाणार.' सोबत सबनीसची चिठ्ठी होती. माझ्या त्या दहा नोंदी कंपनीला 'आदर्श नमुना' म्हणून हव्या होत्या आणि संमतीपत्रावर माझी सही. म्हणजे आधी माझा राग नेला आणि आता माझं थांबणंही न्यायला आले होते. उद्या कुणाचा संयम चाळीस, कुणाचा साठ, ज्याचा कमी तो नालायक. कांदा चिरणाऱ्या बाईलाही आता उत्तीर्ण व्हायचे गुण ठरणार!

मी संमतीपत्र फाडलं. उजव्या हातानं वेळ लावला, पण फाडलं. मग शस्त्रागारात गेले, निग्रह पिस्तूल आणि पट्टा टेबलावर ठेवला आणि कपाटाच्या तळातून ते पोलादी पिस्तूल मागून घेतलं. घोडा मागे घेतला, स्लाइड धरली, मूठ पुढे ढकलली. बसलं.

रजिस्टरमध्ये शस्त्र परत करण्याच्या कारणाचा रकाना असतो. मी लिहिलं, 'मला थांबता येतं.' खाली सही केली, वेडीवाकडी, अकरा किलोच्या हातानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारणे दाखवा नोटीस आली. माझ्या मागोमाग रजिस्टरमध्ये आणखी चाळीस सह्या झाल्या होत्या, आणि नोटीस आम्हा सगळ्यांच्या नावे होती.